पेट्रोलवर नाही

लिलावात अर्डिस ह्रुस्कानं हात वर केला तेव्हा लिलाववाल्याला वाटलं, बाई माशी हाकलतायत. त्या ट्रॅक्टरवर बोली लावायला दुसरं कुणी नव्हतंच. स्टीअरिंगच्या पुढे, जिथे इतर ट्रॅक्टरना निमूट बॉनेट असतं, तिथे याच्या अंगावर गाभण डुकरिणीसारखी गॅसची टाकी पसरली होती. साठेक वर्षांपूर्वी नेब्रास्कात गॅस मातीमोल मिळायचा, तेव्हा शहाण्या शेतकऱ्यांनी असे ट्रॅक्टर हौसेनं घेतले. पुढे त्यांच्या आणखी शहाण्या मुलांनी टाक्या उपटून ते पेट्रोलवर केले. याचा मालक आळशी होता, म्हणून हा वाचला.

"बाँब घेतलास म्हणे," धाकटा भाऊ लेलंड संध्याकाळी दारात येऊन म्हणाला.

"ट्रॅक्टर घेतलाय."

"बाबांचा होता तसला?"

"तसलाच."

बाबांच्या त्या ट्रॅक्टरवर अर्डिसनं लग्नाच्या वयापर्यंत नांगरट केली होती. मग शेत लेलंडला मिळालं, कारण तो मुलगा होता. आणि तिला चिनी मातीचा डिनरसेट मिळाला, कारण ती नव्हती. लेलंडनं ट्रॅक्टर भंगारात काढला. डिनरसेट अजून शाबूत आहे.

"बरं, टाकीवर वाळूचा फवारा मारून देतो," लेलंड म्हणाला. "आरशासारखी होईल."

"हात लावशील तर बघ."

फवाऱ्यात गंजाबरोबर टाकीवरची पाटीही घासून जाते. टाकी किती दाब सोसेल ते सांगणारे, पाटीवर ठोकलेले आकडे वाचता आले नाहीत, तर गॅसवाला त्या टाकीत फुंकरसुद्धा घालत नाही. गावात असे दोन चकचकीत ट्रॅक्टर शोभेला उभे होते. एक लेलंडचाच, त्यानंच चकचकीत केलेला.

अर्डिसनं पाटीवरचा रंग चिंधीनं, बोटाच्या पेराएवढा एकेक तुकडा करत काढला. झडपा बदलल्या, नळ्या बदलल्या, बिस्किटासारखा कडक झालेला रबरी पडदा बदलला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतोय का पाहत बसली. गॅसवाल्यानं पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि कुरकुरत टाकी भरली. मग टाकीतल्या गॅसची नुसती वाफ सोडणारी झडप उघडून तिनं इंजिन चालू केलं. ते तापेपर्यंत कळ सोसायची असते. आधीच पातळ गॅस सोडणारी झडप उघडली तर सगळं बर्फानं पांढरं होऊन बसतं. तिनं कळ सोसली. इंजिन असं गुळगुळीत चालायला लागलं, की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायचं विसरला.

गावाच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीसाठी तिनं नाव दिलं. मिरवणूक समितीचा अध्यक्ष लेलंड. गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुखही लेलंडच. गाव लहान असलं की माणसं अशी मोठी होतात.

"पेट्रोलवर करून घे, अर्डी. सगळ्यांत पुढे ठेवतो. बँडच्याही पुढे."

"आणि गॅसवर?"

"गॅसवर नाही. गर्दी असते. पोरंबाळं असतात."

"आणि चर्चच्या मंडपात पॅनकेक कशावर भाजतोस रे? गाईएवढी टाकी आहे मागे. तुझ्या घरालाही तसलीच, आणि बाप्तिस्म्याचं पाणीही त्याच गॅसवर कोमट करता. देवाला चालतं, मिरवणुकीला चालत नाही?"

"त्या टाक्या चालत नाहीत ना कुठे!"

"तुझा ट्रॅक्टरही चालत नाही."

समितीत हशा पिकला. हसणाऱ्यांत पाद्रीबुवाही होते, त्यामुळे नकार देणं अवघड झालं. शेवटी लेलंडनं ठराव मांडला: गॅसचा ट्रॅक्टर घोड्यांच्याही मागे, अगदी शेवटी राहील; आणि त्याचं इंजिन चालू असेपर्यंत बंब त्याच्या मागे राहील. ठराव मंजूर झाला. पहिल्या कोपऱ्यावरच ती लाजून घरी जाईल, असा लेलंडचा हिशेब होता.

अर्डिस घोड्यांची लीद तुडवत निघाली. मागे लाल दिवे फिरवत बंब, त्यात घामेजलेला लेलंड. लोकांना वाटलं, हा खास मान आहे. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. कुणीतरी ओरडलं, "राणी आली!" अर्डिसनं टाकीवर थाप मारली.

मिरवणूक चर्चच्या मंडपाशी संपली. पॅनकेकचा वास सुटला होता. लेलंडनं बंबाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"झालं ना! बंद कर आता!"

"का?"

"संपली मिरवणूक!"

"मिरवणूक संपली. इंजिन चालू आहे," ती म्हणाली. "ठराव वाच."

"अर्डी, रांग लागलीय तिकडे! पॅनकेक संपतील!"

"मग तू जा. बंब सोडून गेलास असं पाद्रीबुवांना मी सांगते."

पाद्रीबुवा ताट घेऊन तिथेच उभे होते. लेलंडनं डोकं आत घेतलं.

ट्रॅक्टर गावाबाहेर पडला. मक्याच्या शेतांमधून, धावणारा माणूस पुढे जाईल अशा वेगानं, मागे बंब. शेताशेतांतून लोक कामं टाकून कुंपणाशी आले. आग कुठे लागलीय ते त्यांना कळेना.

तिठ्यावर डावीकडे अर्डिसचं घर होतं, हाकेच्या अंतरावर. उजवीकडचा रस्ता सगळ्या तळ्याला वळसा घालून मग त्याच घराशी येतो. लेलंडनं भोंगा वाजवला, दोनदा.

अर्डिसनं मागे पाहिलं नाही. रस्त्याचा नियम आहे म्हणून हात बाहेर काढून वळण दाखवलं, आणि उजवीकडे वळली.