दादाला चक्कर आली नाही

सरावासाठी ठरलेला माणूस ऐनवेळी आला नाही, म्हणून मॅडमनी आपल्या थोरल्या भावालाच बोलावून घेतलं. कानाच्या तपासण्या शिकणाऱ्या मुलांना आज तोलाची तपासणी स्वतःच्या हातांनी करायची होती.

दादा लहान पोरांना पोहायला शिकवायचा. मध्यंतरी अंगात जंतू पसरून दवाखान्यात पडला होता. जालीम इंजेक्शनांनी वाचला. तेव्हापासून चालताना समोरचं सगळं हलतं म्हणायचा. अशक्तपणा असेल, असं सगळेच म्हणत. मॅडमही.

"पोरांनो, मुंडकं काढा, पण परत जागेवर बसवा," खुर्चीत बसत दादा म्हणाला.

एका मुलीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "काका, माझ्या नाकाकडेच बघा हं." तिनं ते झटकन उजवीकडे वळवलं. नजर नाकावर खिळून राहायला हवी होती. ती डोक्याबरोबर वाहवत गेली आणि मग उडी मारून परत आली. डावीकडेही तेच.

"मॅडम, माझं काही चुकतंय का?"

मॅडमनी स्वतः करून पाहिलं. मुलीचं काही चुकत नव्हतं.

मग दादाला पलंगावर झोपवून आत कॅमेरा असलेला काळा चष्मा चढवला. त्याचे डोळे पडद्यावर मोठे दिसू लागले. "आता कानात पाणी सोडतो. गरगरेल, घाबरू नका," एका मुलानं बजावलं. कोमट पाणी झालं, गार झालं, शेवटी बर्फाचंही झालं. एरवी डोळे थरथरायला लागतात. हे डोळे ढिम्म.

"कान गारठला, बाकी काही नाही!" दादा खूश होऊन बहिणीला म्हणाला. "बघ चिमे, चक्कर म्हणून नाही. पास ना मी?"

"अगदी पुस्तकातल्यासारखं..." कोणीतरी बोलून गेलं आणि जीभ चावली.

मॅडमनी चष्मा काढला. "दादा, चक्कर यायला हवी होती. कानातला तोल सांभाळणारा भाग दोन्हीकडे बंद पडलाय. त्या इंजेक्शनांमुळे."

"मला ऐकू तर लख्ख येतंय!"

"ऐकण्याचा भाग वेगळा असतो."

"बरं, मग औषध दे."

"औषध नाहीये रे. व्यायामानं चालणं सुधारेल." त्यांनी चष्मा बाजूला ठेवला. "पाण्यात मात्र उतरू नकोस. डोळे मिटलेस तर वर कुठं, खाली कुठं, कळणार नाही."

"मला? पाण्यात मला कळणार नाही?" दादा ताडकन उठला. कोपऱ्यातल्या जाड स्पंजच्या गादीवर चढला आणि डोळे मिटून ताठ उभा राहिला. पुढच्याच क्षणी फळीसारखा आडवा कलला. मुलांनी धावत जाऊन झेलला.

डोळे उघडले तेव्हा त्याला कुणाकुणाचे हात काखेत, कमरेला दिसले. ते हळूच बाजूला करत तो सरळ झाला. मग खुर्चीत जाऊन बसला.

"अजून कुणाचं करायचं राहिलंय?"

राहिलं होतं, पण कुणी पुढं येईना. त्यानंच एका मुलीला खुणावलं आणि डोकं पुढं केलं. तिनं मॅडमकडे पाहिलं.

"हळू नको," मॅडम म्हणाल्या. "झटकन वळव."

सगळं आटोपल्यावर जिना उतरताना दादानं मॅडमचा दंड घट्ट धरला.

"पोहायला येणाऱ्या पोरांच्या आईबापांना तूच कळव, चिमे," तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला. "माझ्याच्यानं व्हायचं नाही."