शुभेच्छुकांची खालची ओळ

“काका, स्टार्टचं बटण कुठे गेलं?” कुंदनने विचारलं.

काशिरामने टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं. बटण नव्हतं. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळही नव्हतं. लॅपटॉपवर दोन्ही होती, म्हणजे ती मधल्या केबलमध्ये कुठेतरी अडकली असावीत.

“येईल,” काशिराम म्हणाला.

न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात तो क्लार्क होता आणि दिवसभर कॉम्प्युटरवर कंटेनरचे नंबर टाकायचा. तेवढ्यावर भावकीने त्याला ‘कॉम्प्युटरमधला माणूस’ ठरवून टाकलं होतं. त्याने हरकत घेतली नव्हती. भावकी त्याला दुसरं काही ठरवेल अशी चिन्हं नव्हती.

टीव्ही तुळशीरामचा, म्हणजे त्याच्या चुलतभावाचा. कुंदन हा तुळशीरामचा धाकटा. थोरल्या हितेशची आज हळद होती आणि मंडपात डीजेच्या भिंतीशेजारी दोन टेबलं जोडून तो टीव्ही उभा केला होता. काशिरामला त्या टीव्हीचा हेवा वाटत नव्हता. आपल्या घरचा टीव्ही यात किती वेळा बसेल, एवढंच त्याने नजरेने मापून ठेवलं होतं.

हेव्याला तशी जागाही नव्हती. दोघांच्या बापांची शेतं बांधाला बांध लागून. काशिरामचा बाप हुशार, धावपळ्या. भाव आला असं ऐकल्याबरोबर त्याने आपला वाटा विकला आणि पनवेलात पत्र्याचं घर बांधलं. तुळशीरामचा बाप आळशी. रजिस्टर ऑफिसात दिवसभर उभं राहायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने विकलं नाही. त्या कंटाळ्यावर आता चार मजले उभे होते, वर गच्चीत कारंजं होतं. काशिराम बापाच्या फोटोला रोज हार घालत असे, पण त्याच्या डोळ्यांत बघणं त्याने सोडलं होतं.

आजचा घोटाळा फ्लेक्सवाल्याने केला होता. त्याचं मशीन बंद पडलं. पनवेलमध्ये हळदीला फ्लेक्स नसणं हे नवरा नसण्यापेक्षा वाईट. नवरा ट्रॅफिकमध्ये अडकलाय असं निदान सांगता येतं. शेवटी फ्लेक्सवाल्याने डिझाइन पेनड्राइव्हवर घालून दिलं, फ्लेक्स उद्या देतो म्हणाला, आणि तोवर ते टीव्हीवर दाखवायचं असं कुंदनने ठरवलं.

चित्र टीव्हीवर आलं. वर देव, देवांखाली पुढारी, मधोमध गॉगल लावलेला हितेश, त्याच्या मागे चौकटीत तुळशीराम. तळाला शुभेच्छुकांची ओळ. या ओळीत कोण आहे आणि कोणाच्या शेजारी आहे, यावर भावकीतली बोलणीचालणी ठरतात.

काशिरामने ओळीतले चेहरे डावीकडून उजवीकडे वाचले. मग उजवीकडून डावीकडे. तुळशीरामचा मेहुणा जगन होता. टँकरवाला होता. कोणीतरी टोपीवाला होता, त्याला काशिरामने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ओळीच्या उजव्या टोकाला पडद्याच्या कडेवर कोणाचा तरी कान होता, फक्त कान.

काशिराम कुठेच नव्हता.

“काका, नीट आलंय ना?”

“झ्याक आलंय,” काशिराम म्हणाला, आणि चहा घेऊन येतो सांगून घरी गेला.

घर मागच्याच गल्लीत होतं. त्याची बायको रंभा आरशासमोर मानाच्या साडीच्या निऱ्या घालत होती. पलंगावर तुळशीरामकडून आलेला मानाचा कुर्ता ठेवला होता. पिवळा, जरीच्या गळ्याचा. काशिरामने तो उचलला आणि परत पिशवीत घातला.

“मना फोटूत घातला नाय,” तो म्हणाला.

“नीट बगितलंत?”

“जगन दिसतो. कोन तो टोपीवाला, तो पन दिसतो. मीच दिसत नाय? साडी सोड. दोनी परत जातील.”

रंभाने एक निरी नीट केली. “साडी माजी हाय. फोटूत तुमी नाय. मी कुटं फोटूत नाय म्हनून रडतंय? तुमचा तुमी न्या.”

त्याने मुलीला, पूर्वीला हाक मारली. पूर्वी बारावीला होती, तिला ऐकायला वेळ नव्हता, म्हणून ती पिशवी घेऊन निघालीसुद्धा. दारात थांबून तिने विचारलं, “काकीला काय सांगू?”

“काय सांगू नको. कळंल त्यांना.”

ती गेल्यावर काशिराम खुर्चीत बसला. मानाचं कापड हळदीच्या दिवशी परत जातं, तेव्हा त्यानंतर दोन घरांमध्ये कोणी कोणाच्या मयतालाही जात नाही. हे त्याला माहीत होतं. कढ बराच जुना होता आणि बाहेर पडायला कारण शोधत होता. आता कारण मिळालं होतं, चांगलं भरभक्कम, रंगीत.

तेवढ्यात कुंदनचा फोन आला. मागे जगनचा आवाज होता, “फोटू हाय, नाव कुटंय? नाव कापलं ते कापलं कोनी?”

“काका, लवकर या ना. जगनमामा पेटलाय. सगळ्यांची नावं खाली कट होतायत.”

काशिराम उठला. त्याला एकदम सुचलं की हे उत्तमच झालं. चित्र पुरतं दिसू दे. एकूण एक कोपरा दिसू दे. आपण कुठेच नाही हे सगळ्या मंडपाला उजेडात दिसू दे, मग कुर्ता का परत गेला हे कोणाला समजावत बसायला नको.

मंडपात जगन टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. “काशिराम, तुमचा कॉम्प्युटर काय मानसं बगून नावं कापतो?”

“सगल्यांचीच कापलीत. देवाचा मुकुट पन गेलाय, तो गप हाय बगा.”

बायका हसल्या. जगन हसला नाही.

काशिरामने लॅपटॉपवर पडद्याचं माप बदललं. टीव्हीवरचा हितेश आडवा पसरला आणि त्याच्या मागच्या चौकटीतला तुळशीराम दरवाजाएवढा रुंद झाला. काशिरामने ते चित्र गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ तसंच ठेवलं. मग त्याने टीव्हीचा रिमोट घेतला. एक बटण दाबल्यावर नुसतं नवऱ्याचं नाक राहिलं. पुन्हा दाबल्यावर सगळे बारीक झाले, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि एक म्हातारी म्हणाली, “पोरगा आजारी होता काय गो?”

“मगासचं बरं होतं,” कुंदन हळूच म्हणाला.

पण काशिराम आता थांबणार नव्हता. त्याने रिमोटवरून मेनू उघडला आणि चित्राच्या आकाराचे एकेक प्रकार लावत खाली गेला. शेवटी ‘जस्ट स्कॅन’ असं काहीतरी होतं. त्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता. त्याने दाबलं.

चित्र चारी बाजूंनी किंचित आत सरकलं. देवाला मुकुट आला. स्टार्टचं बटण आलं, घड्याळ आलं. खाली नावं आली आणि जगनने आपलं नाव मोठ्याने वाचून पाहिलं. उजव्या कडेच्या कानामागून गाल आला, मग नाक, मग दुसरा कान. खाली नाव होतं, ‘काशिराम काका’.

बाकी सगळ्यांच्या नावापुढे शेठ होतं. काका एकटाच होता.

मागून कोणीतरी हाक मारली. “भावजी.”

तुळशीरामची बायको वेणूवहिनी पिशवी हातात घेऊन उभी होती. “पूर्वी देऊन गेली. काय बोल्ली नाय. ह्यांनी तुमाला न् स्वताला येकाच कापडाचा शिवला. तुमी परत धाडला?”

काशिरामने टीव्हीकडे पाहिलं. वहिनीनेही टीव्हीकडे पाहिलं. मग तिने जगनकडे, केबलकडे आणि परत काशिरामकडे पाहिलं. मंडपातल्या हिशेबात ती कच्ची नव्हती.

“घट्ट होतो,” काशिराम म्हणाला.

“तुमाला?” वहिनी म्हणाली. काशिराम शरीराने यार्डातल्या झेंड्याच्या काठीसारखा होता.

“काखेत.”

“घाला बगू.”

त्याने शर्टावरूनच कुर्ता घातला. शर्टासकट तो आत गेला आणि तरीही सगळीकडून सैल राहिला. वहिनीने खांद्यावरची घडी तळहाताने सपाट केली. “आता होतो बरोबर,” ती म्हणाली आणि आत गेली. कोणाला काही सांगायला ती थांबली नाही, एवढं त्याला तिच्या पाठीवरून कळलं.

पलीकडे तुळशीराम पाहुण्यांना नमस्कार करत होता. त्याच पिवळ्या कापडात. दहाही बोटं अंगठ्यांनी लखलखत होती.

“काका, सॉरी,” कुंदन जवळ येऊन म्हणाला. “तुमचा एकट्याचा फोटो कुठेच मिळाला नाही. पप्पांनी कपाटातला जुना काढून दिला, त्यातनं कापून घेतला. तो हात काढायचा राहिला बघा. उद्याच्या फ्लेक्समध्ये काढायला सांगू?”

काशिरामने टीव्हीच्या कोपऱ्यात नीट पाहिलं. चौकड्यांचा शर्ट घातलेला, मिसरूड फुटलेला तो स्वतः होता, आणि त्याच्या खांद्यावर बाहेरून आलेला एक हात होता. त्या हाताच्या बाहीवरही तेच चौकडे होते.

“राहू दे,” तो म्हणाला.

डीजे सुरू झाला. काशिराम रिमोट धरून तिथेच उभा राहिला आणि खांद्यावरच्या बोटांकडे बघत बसला. त्या बोटांत एकही अंगठी नव्हती.