दोन पानं, डाव्या हाताने

सगळ्या घराला एकत्र खेळता येईल असा खेळ शोधता शोधता इटोहान मेटाकुटीला आली होती. लुडो आणला, तर घरात माणसं पाच आणि सोंगट्यांचे रंग चार. शब्द जुळवायचा खेळ आणला, तर नवरा नोसा प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडून बसायचा. शेवटी बेनिन शहराच्या बाजारातून तिने नायजेरियात घरोघरी खेळतात ते व्हॉटचे पत्ते आणले. हे तर शेंबडं पोरही खेळतं!

रविवारी जेवणं उरकल्यावर डाव मांडला. तिसऱ्याच फेरीत तिने सासऱ्यांवर 'दोन उचला'चं पान टाकलं. सासऱ्यांनी आपले पत्ते पालथे ठेवले.

"सूनबाई, मोठ्या माणसापुढे डावा हात?"

"बाबा, नुसतं पान टाकलंय. डावखुरी आहे मी."

"टाक ना उजव्याने," नोसा पुटपुटला. "कशाला उगाच?"

मग हल्लीच्या सुनांच्या वळणावर अर्धा तास प्रवचन झालं. पत्ते तसेच पडून राहिले.

इटोहानचं डोकंच फिरलं. तिने पत्ते गोळा करून खोक्यात कोंबले.

"बाबा, मघाशी दोनदा मागून घेतलंत ते एगुसीच्या बियांचं कालवण मी कुठल्या हाताने ढवळलं, ते नाही विचारलंत?"