समजलं ना, गुरुजी?

टीव्हीवरच्या बाईंबद्दल तातेराव गुरुजींची एकच तक्रार होती. त्या थांबत नसत.

दुपारी दोन वाजता शाळेच्या चॅनेलवर सहावीचं विज्ञान लागायचं. बाई शिकवायच्या छान. पाण्याची वाफ कशी होते, ती वर जाऊन गार कशी पडते, सगळं चित्र काढून दाखवायच्या. पण एकदा सुरू झाल्या की घाटातून सुटलेल्या गाडीसारख्या सुसाट. मध्ये थांबून "काय रे, समजलं का?" असं विचारणं नाही. शिवाय त्या वेळी पोरं शाळेत. मग बघणार कोण? निवृत्त झालेले गुरुजी आणि निवडटिपण करत बसलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई.

जवळा बाजार गावात गुरुजींच्या ओसरीवर रोज संध्याकाळी दहा-बारा लेकरं जमत. काही गल्लीतली, काही जवळच्या तांड्यावरची. चौतीस वर्षं शाळेत शिकवूनही गुरुजींची हौस फिटली नव्हती. संक्रांतीला पुण्याहून मुलगा आला, रविंद्र. त्यानं भिंतीवर मोठा टीव्ही बसवला आणि त्याला आपला जुना कॉम्प्युटर जोडून दिला.

"बाबा, याला एक ट्युनर लावा," तो म्हणाला. "म्हणजे चॅनेल पकडणारी डबी. दुपारचा कार्यक्रम कॉम्प्युटरमध्ये साठून राहील. संध्याकाळी पोरांना दाखवा. पाहिजे तिथं थांबवा, समजावून सांगा, परत सुरू करा."

थांबवा! गुरुजींना दुसरं काही ऐकूच आलं नाही.

"फक्त दुकानदाराला नीट विचारून घ्या. प्रकार असतात त्यात," जाता जाता रविंद्र म्हणाला.

दुकानदार तर घरचाच होता. हिंगोलीत बसस्टँडच्या रस्त्यावर भीमसिंगचं दुकान. तांड्यावरचा भीमसिंग पाचवी ते सातवी गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. तिसऱ्या रांगेत बसायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, विचारलं की नुसती मान हलवायचा. आता त्याच्या भावाची लेक निलम गुरुजींच्या ओसरीवर यायची.

"गुरुजी! तुमी कशाला तकलीफ घेतली? फोन करायचा, मीच आलो असतो ना." भीमसिंग काउंटर ओलांडून आला आणि पाया पडला. दुकानात दोन कॉलेजची पोरं हेडफोन बघत होती. त्यांना तो म्हणाला, "हे माझे गुरुजी. आज जे काय हाय ते यांच्यामुळं."

गुरुजींची मान ताठ झाली. त्यांनी काम सांगितलं. भीमसिंगनं तीन खोकी काढून समोर मांडली.

"हे टी, हे सी, हे एस-टू. घरी केबल असली की लोकांना वाटतंय सी घ्यावं. पण त्याच्यात इनक्रिप्शन असतंय, कार्ड ऑपरेटरकडं. टीचा आपल्याकडं काही उपयोग न्हाई. तुमच्यासाठी एस-टू बराबर. एलएनबी तेवढा चांगला पाहिजे. सिग्नल बघायचा, मंग स्कॅन मारायचा."

यातलं 'बराबर' तेवढं गुरुजींना समजलं.

"समजलं ना, गुरुजी?" भीमसिंगनं विचारलं. घाई नव्हती त्याच्या आवाजात. गुरुजी "नाही रे" म्हणाले असते तर त्यानं लगेच कागद-पेन घेतला असता. पण तेवढ्यात हेडफोनवाला एक पोरगा हसत म्हणाला, "भाऊ, गुरुजींना काय समजावून राहिले? त्यांनीच तुमाला शिकवलंय की."

"तेबी खरंच हाय म्हणा," भीमसिंग हसला.

"समजलं, समजलं," गुरुजी म्हणाले.

"घरी छत्री हाय ना?"

टीव्हीची छत्री होती. केबल येण्याआधीची, गच्चीवर पडलेली. ती कशाला लागते हे विचारायचं सोडून गुरुजी म्हणाले, "आहे की."

"बसवायला पोरगा पाठवू?"

"छे, एवढं तर मी करतो."

एसटीत मांडीवर खोकं घेऊन गुरुजी त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. तीन अक्षरं लावली, चौथं अडलं, औंढा यायच्या आतच त्यांनी खोकं पिशवीत घातलं. मनात काहीतरी टोचत होतं. पण दारात लेकरं वाट बघत उभी होती, आणि त्यांना बघून ते टोचणं विसरायला गुरुजींना फार वेळ लागला नाही.

"आला का ट्युनर? आला का?" माऊली उड्या मारत होता.

गुरुजींनी डबी कॉम्प्युटरला जोडली. मग केबलवाल्याच्या डब्याची वायर काढून तिचा पेच डबीला फिरवला. बराबर बसला.

"बसलं म्हंजे जमलं!" माऊलीनं जाहीर केलं.

गुरुजींनी चॅनेल शोधायला लावलं, तशी पडद्यावर निळी रेघ हळूहळू पुढं सरकली. लेकरं श्वास रोखून बसली. रेघ टोकाला गेली आणि खाली अक्षरं उमटली, सापडलेले चॅनेल: शून्य.

गुरुजींनी परत लावलं. शून्य. वायर घट्ट केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तिसऱ्यांदा लावलं.

"गुरुजी," प्रतिक्षानं अगदी मनापासून विचारलं, "शून्य म्हंजे एकबी न्हाई का?"

सगळी खदखदून हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. लेकरं ती, हसणारच. पण गुरुजींचे कान तापले. आणि तोंडातून जे गेलं ते असं गेलं:

"भीमसिंगनं खराब माल गळ्यात मारला. त्याचं वर्गातसुद्धा लक्ष नसायचंच."

हसणं थांबलं. खांबापाशी बसलेल्या निलमनं वही मिटली. कुणाकडं न बघता ती उठली, चप्पल पायात घातली आणि गेली.

रात्री जेवताना पार्वतीबाईंनी विचारलं, "निलमचा काका ना हो तो?"

"हं."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही. भाजी वाढू का?"

गुरुजींना ती भाजी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी निलम आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर प्रतिक्षा खाली बघत म्हणाली, "ती म्हणली, माझे काका कुणाला फसवत न्हाईत. अन् गुरुजींच्या घरी मी आता जात न्हाई."

ती रात्र गुरुजी कूस बदलत राहिले. वर्गात प्रत्येक धड्यानंतर त्यांनी पोरांना विचारलं होतं, समजलं का? आणि पोरांनी एका सुरात 'होऽऽ गुरुजी' म्हटलं होतं. त्या होकारावर विश्वास ठेवून त्यांनी किती पानं उलटली असतील! स्वतः एकदाच त्या जागी उभे राहिले, तर त्यांच्याही तोंडून तोच होकार निघाला. वर तो लपवण्यासाठी त्यांनी दुसऱ्याचं नाव खराब केलं, तेही त्याच्या पुतणीसमोर.

सकाळच्या गाडीनं ते हिंगोलीला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. असतं तर बोलायचा धीर झाला असता की नाही, देव जाणे.

"भीमसिंग, त्या दिवशी मला काही समजलं नव्हतं."

भीमसिंगनं स्टूल पुढं केलं. "कुठून न्हाई समजलं, गुरुजी?"

"पहिल्यापासून."

भीमसिंगनं कागद घेतला. एक घर काढलं, त्याला तीन वाटा काढल्या. "चॅनेल घरात तीन वाटांनी येतंय. एक हवेतून अँटेनावर, एक केबलवाल्याच्या वायरीतून, एक छत्रीतून. प्रत्येक वाटेचा ट्युनर वेगळा. केबलवाल्याच्या चॅनेलला कुलूप असतंय, अन् किल्ली त्याच्याच डब्यात. म्हणून केबलचा ट्युनर घेऊन फायदा न्हाई. शाळेचे चॅनेल छत्रीवर बिनकुलपाचे येतात. म्हणून मी तुमाला छत्रीचा दिला."

"मी त्याला केबलची वायर लावली."

"पेच सारखाच असतोय. बसतो तो. लय लोक लावतात."

इतकं सोपं होतं. सहावीच्या पोराला समजावं इतकं. गुरुजी कागदाकडं बघत राहिले. अजून एक सांगायचं होतं.

"भीमसिंग, मी पोरांसमोर तुला..."

"म्हाईत हाय." भीमसिंगनं पेनाला टोपण लावलं. "निलम बोलली." एवढंच म्हणून तो उठला, अवजारांची पिशवी गाडीला अडकवली आणि शटर ओढलं. "चला. छत्री लावून देतो."

गुरुजी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. हिंगोली ते जवळा बाजार, पूर्ण रस्ताभर भीमसिंग एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं गुरुजींना वाटून गेलं.

गच्चीवरची छत्री उताणी पडली होती आणि तिच्यात पार्वतीबाईंची बोरं वाळत होती. "अगंबाई, हिचा अजून उपयोग आहे होय!" म्हणत त्यांनी बोरं सुपात काढली. भीमसिंगनं छत्री घासली, तिच्या तोंडावरचा सिग्नल पकडणारा जुना एलएनबी बदलला, नटबोल्ट आवळले. गुरुजी खाली पडद्यासमोर बसून ओरडत, "आला! गेला! आला!" आणि तो वर छत्री बोटभर इकडं, बोटभर तिकडं करी. ऊन उतरेपर्यंत हे चाललं.

संध्याकाळी लेकरं जमली. दारात काकाची गाडी दिसली म्हणून निलमही आली, पण ओसरीवर चढली नाही. अंगणात तुळशीपाशी उभी राहिली.

निळी रेघ सरकू लागली. खाली आकडा उमटला, दोन. मग नऊ. मग एकवीस. लेकरांनी एकच गिल्ला केला.

"भीमसिंगकाका," माऊलीनं विचारलं, "पहिली डबी खराबच होती ना?"

भीमसिंग वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "व्हय. खराब निघाली. बदलून आणली."

किती सहज म्हणाला! थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर कुणी न मागता घोंगडी टाकावी, तसं गुरुजींना झालं. सुटलो, असं वाटलं. क्षणभर त्यांनी ती घोंगडी अंगाला लपेटूनही घेतली. कुणाला काय कळणार होतं? मग त्यांची नजर अंगणात गेली. निलम काकाकडं बघत होती. आपला काका आपण होऊन खोटा ठरतोय, हे त्या अकरा वर्षांच्या पोरीला कळत होतं.

"भीमसिंग, खोटं नको बोलूस," गुरुजी म्हणाले. मग ते लेकरांकडं वळले. "पोरांनो, डबी तीच आहे. तिला काहीही झालं नव्हतं. यानं मला सगळं बराबर सांगितलं होतं. मला ते समजलं नाही, आणि मी समजलं म्हणून सांगितलं. घरी येऊन चुकीची वायर लावली. आणि तुमच्यासमोर याच्या नावानं खोटं बोललो."

पार्वतीबाई दारात पदर सावरत उभ्या राहिल्या.

"मंग दुकानात परत काहून विचारलं न्हाई, गुरुजी?" प्रतिक्षानं विचारलं.

"लाज वाटली."

"कशाची?"

"समजलं नाही, त्याची."

माऊलीनं जरा विचार केला. "आमाला तर रोजच वाटती," तो म्हणाला.

भीमसिंग हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलंच हसणं. "मला तीन वर्षं वाटत होती रे. अपूर्णांक सुरू झाले की मी नुसती मान हलवायचो."

"मग नंतर आले का तुला?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई, गुरुजी. पण मोबाईलात कॅल्क्युलेटर हाय की."

सगळी हसली, भीमसिंगसुद्धा. गुरुजींना हसता आलं नाही. मान हलवणारा तो पोरगा त्यांना रोज समोर दिसत होता, आणि तीन वर्षांत त्यांनी एकदाही त्याला विचारलं नव्हतं, कुठून नाही समजलं?

ते ओसरीवरून खाली उतरले आणि निलमसमोर जाऊन उभे राहिले. "निलम, तुझ्या काकाबद्दल मी खोटं बोललो. माझं चुकलं."

निलम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मी तर ऐकलं आता. पण माझ्या आईला कुठं म्हाईत हाय? आज्याला कुठं म्हाईत हाय? तांड्यावरच्या पोरांनी घरोघर सांगितलं, अन् सगळ्याला वाटतंय, काकानं गुरुजींना फसवलं."

"ए निलम!" भीमसिंग खेकसला. "गप बस. राहू द्या गुरुजी, लेकरू हाय ते. मी सांगतो घरी."

"तू सांगून कसं चालेल?" गुरुजी म्हणाले.

तांड्यावर या वेळी माणसं शेतातून परतलेली असतात, बाहेर बाजा टाकून बसलेली असतात. सगळ्यांच्या देखत बोलावं लागणार होतं. चौतीस वर्षांत गुरुजी तिथं कित्येकदा गेले होते, पोरांना शाळेत घाला म्हणून सांगायला. प्रत्येक वेळी कुणीतरी बाज रिकामी करून दिली होती. आज बसायचं नाही, उभ्यानंच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी चपला पायात घातल्या.

"चल," ते निलमला म्हणाले. "पुढं तू हो."