सीतादहीचा अभिप्राय

"दाब काकी, यातलं जे तोंड पटते त्याच्यावर बोट दाब," म्हणत हिरासिंगने टॅब रुपीबाईपुढे धरला.

टॅबवर तीन तोंडं होती: हसरं, गप्प आणि रडकं. राळेगावकडच्या त्या शेतात सकाळीच सीतादही झालं होतं; पहिल्या वेचणीआधी दहीभात शिंपडून पूजा झाली होती. वेचणाऱ्या बायांत वयाने मोठी असलेल्या रुपीबाईने दिवसभर चालवलेलं कापूस वेचायचं नवं यंत्र खाली ठेवलं, सुजलेलं मनगट पदराखाली घेतलं आणि हसऱ्या तोंडावर बोट टेकवलं. तिच्या आधीच्या एकोणचाळीस जणींनीही तेच केलं होतं.

"चाळीसपैकी चाळीस!" यंत्राचा प्रॉडक्ट मॅनेजर सलील बांधावर नाचायचाच काय तो बाकी होता.

हिरासिंग कंपनीचा फिरता मेकॅनिक, जवळच्याच तांड्यातला. त्याचे कान असे, की नेरला कुणी उसनं हसलं तर याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ढाणकीत खाज सुटे. बंद पंप खोलण्याआधी तो मालकिणीचं तोंड बघायचा, आणि निम्मे पंप तेवढ्यानेच चालू व्हायचे. खोटं वाटत असेल तर पंपांना विचारा.

"साहेब, हे खरं नाही," तो म्हणाला. "सीतादहीच्या दिवशी रडक्या तोंडाले कोन हात लावन? यंत्राची मूठ तापून राह्यली, मनगटं सुजून राह्यली. आधी मूठ बदला, मंग पाचशे बनवा."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"पाव्हण्याच्या तोंडावर कोनी वाईट म्हनते काय? तुमी कोनाच्या घरी चहा बिघडला म्हनून सांगता काय?"

सलील नुकताच पुण्याहून भावनिक बुद्धिमत्तेचं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता. त्याने टॅब बाजूला ठेवला, डोळ्यांत डोळे घातले, अठरा वेळा मान हलवली आणि हिरासिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची तळमळ माझ्यापर्यंत पोचली."

इतकं मन लावून हिरासिंगचं जन्मात कुणी ऐकलं नव्हतं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "सुखी, मानूस देव हाये. मूठ बदलते आता."

सुखीबाई भाकर थापता थापता थांबली. "त्यानं हो म्हनलं काय?"

हिरासिंग आठवू लागला.

पाचशे यंत्रं त्याच मुठीची निघाली. संक्रांतीपर्यंत परतही येऊ लागली. चौकशी झाली, तेव्हा अभिप्राय गोळा करणाऱ्याचं नाव निघालं: हिरासिंग. सलील खरोखर हळहळला, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने हिरासिंगचं फिरणं बंद करून त्याला गोदामात बसवलं. स्वतः तो हल्ली नागपूरला लोकांचं ऐकून कसं घ्यावं यावर व्याख्यानं देतो.

गोदामात काम एकच. परत आलेली यंत्रं पुसून नव्यासारखी करायची आणि पुन्हा विकायला खोक्यात भरायची. हात भाजू नये म्हणून बायांनी मुठींवर लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्या काढून फेकायच्या, असा हुकूम.

गाठी दातांनी ओढून मारलेल्या. सुटता सुटत नाहीत. हिरासिंग एकेक सोडवतो, चिंधीवर हात फिरवून तिची घडी घालतो आणि खोक्यात यंत्राशेजारी ठेवून देतो.

मग वरून पट्टी चिकटवतो.