डब्यातला पट

टीव्हीच्या मांगं एक काळा डबा आहे. आमच्या योगेंद्रनं पुण्याहून आणून लावला. नेटवरून व्हिडिओ उतरवते, साठवते अन् टीव्हीवर दाखवते. योगेंद्रच्या बाबायले लकवा मारला, मंग केळझरचं वावर ठोक्यानं कसायले दिलं, बैलं विकले अन् पिपरी मेघेत राह्यले आलो. उजवी बाजू गेली यायची. मी उठवीन तवा उठणं. दिवसभर काय करन माणूस? टीव्ही पाहते.

डब्यात शंकरपटाच्या शर्यतीचा तासाभराचा एक व्हिडिओ होता. आमचे हे, बंडूजी, पट्टीचे धुरकरी. बैलजोडी पळवायले यायले दूरदूरून बोलावणं ये. व्हिडिओत हिऱ्या-पवन्याची जोडी सुटते अन् हे छकडीवर ताठ उभे. ज्यानं तो काढला त्याचं चॅनल बंद पडलं, तं आता तो फक्त आमच्याच डब्यात. जेवणं झाले का रोज मी तोच लावून देत होती. दुसरं काय होतं माह्यापाशी यायले द्यायले?

मंग डबा भरला. टीव्हीवर सारखी सूचना, जागा नाई. योगेंद्रनं हार्डडिस्क पाठवली अन् फोनवर सांगितलं, "आई, ही मांगं लाव. सेटिंगमध्ये जाय. डाउनलोड कुठं ठेवायचे ते विचारते, तिथं हार्डडिस्क निवड. झालं."

रिमोट दाबू दाबू अंगठा दुखला, पण केलं बाप्पा. यायले आंघोळ घालून आधीच माह्यी कंबर धरली होती. मले वाटलं, पत्ता बदलला, सारं नव्या जागी गेलं. मंग जुनं फोल्डर कायले ठेवायचं? पुसून टाकलं. घर सोडतांना मागचं झाडून-पुसूनच येतो ना आपण.

जेवणं झाल्यावर व्हिडिओ लावायले गेली, तं कुठंच नाई. फोन केला.

"आई, गॅसचा पत्ता पिपरीचा केला तवा केळझरचं सिलिंडर चालत आलं होतं का?"

"नाई."

"मंग? नवे डाउनलोड हार्डडिस्कवर जातीन. जुने डब्यातच होते. आपल्या हातानं न्या लागते."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं? तू अर्धं सांगतं अन् फोन ठेवतं. एक दिवस येऊन बसला असता तं?"

तो हळूच म्हणे, "पुसलेलं आता नाई येत, आई."

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं म्या. नेट बंद आहे म्हणून सांगावं, असंही मनात आलं. पण किती दिवस खोटं बोलू? खाटेपाशी गेली.

"अजी, तुमचा पट गेला. माह्याच हातानं गेला."

अन् रडू फुटलं. बैलं विकले तवा नाई रडली मी. थकली होती, दुसरं काय.

लकव्यापासून यायचं बोलणं अडखळते, एकेक शब्द येते. "पुरा गेला?"

"पुरा."

"बरं झालं."

मले वाटलं, समजूत काढून राह्यले माह्यी. "बरं कायचं त्यात?"

"रोज... मलेच उभा पाहा लागे. अन् खाली हा पाय. जीव जाये माह्या."

अस्सा राग आला मले. रोज हौसेनं लावून देओ अन् हे असे मुकाट पाहून राह्यले होते. "मंग बोलले काऊन नाई? एका शब्दानं म्हणाचं होतं, नोको लावू."

यायनं डाव्या हातानं माह्या लुगड्याचा काठ धरला. बोलायले खूप वेळ लागला.

"तो लागला का... तू बसत होती वं. तासभर. बाकी दिवसभर... उभीच राह्यतं."

मोरीत भांडे पडले होते, बादलीत कपडे भिजत होते. मी उठली नाई.