मिरचीची राखीव रॅकेट

मित्रांनो, मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खेळून खेळून झिजलेली रॅकेट आली असेल. तसलं काही नाही. माझी निम्मी हयात बॅगेत आडवी पडून गेली, कारण मी राखीव होते. पहिल्या रॅकेटच्या तारा तुटल्या तर दुसरी, दुसरीच्या तुटल्या तर मी. आणि माझी मालकीण इतक्या हलक्या हाताने खेळायची की स्पर्धाच्या स्पर्धा उलटायच्या, एक तार तुटायची नाही. लोक तिचं कौतुक करायचे आणि मी आत पडून चरफडायचे.

माझा जन्म कारखान्यातला. कार्बनच्या पातळ पट्ट्या साच्यात घालून मला भाजून काढलं, कडेने भोकं पाडली, वर रंग चढवला. मग गटिंगवाल्या काकांनी यंत्रात आवळून माझ्यात तारा ओढल्या. आता आपण मोडतोच, असं मला वाटलं होतं. काकांनी मला हवेत फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हिचं डोकं हलकं आहे. जाळीजवळ खेळणाऱ्या पोरीला द्या. मागून ठोकणारीच्या कामाची नाही ही." हे बोलणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाळीजवळ खेळणारी म्हणजे आमची मिरची. अंगाने एवढीशी, पण समोरच्याला घाम फोडणारी. दुहेरीतली तिची जोडीदार शिडी. ती नावाप्रमाणे उंच, मागे उभी राहून असा स्मॅश हाणायची की समोरच्या पोरी डोळे मिटून घ्यायच्या. शाळेपासूनची जोडी. दोघींत मिळून एकच लाल बॅग होती. डाव्या कप्प्यात शिडीच्या रॅकेट, उजव्यात आम्ही मिरचीच्या, आणि मधे टॉवेल, मोजे नि बिस्किटांचा एक अर्धा पुडा. तो पुडा कोणी फोडला, याचा निकाल कधीच लागला नाही. बॅगेचा एक बंद हिच्या हातात, एक तिच्या. दोघींच्या उंचीत इतका फरक, की बॅग कायम तिरकी आणि आम्ही सगळ्याजणी मिरचीच्या बाजूला घरंगळलेल्या. गावोगाव अशाच हिंडलो. कपाळाला पोचे आले, पण खरं सांगते, त्यासारखं सुख नव्हतं.

मग शिडीचा खांदा दुखायला लागला. गोळ्या झाल्या, शेक झाला, मालिश झालं, पण स्मॅशमधला जोर काही परत येईना. एक दिवस प्रशिक्षक सरांनी मिरचीला बाजूला घेतलं. "या वेळी उपांत्य सामना काढलात तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तू नव्या मुलीबरोबर खेळ. तुझी अजून बरीच वर्षं आहेत."  शिडीला सांगायचं म्हणून मिरची रोज हॉलवर यायची आणि न सांगता घरी जायची. शेवटी शिडीला ते मालिशवाल्या बाईंकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी शिडी निळी, नवी कोरी बॅग घेऊन आली. लाल बॅगेतून आपल्या रॅकेट काढल्या आणि तिकडे भरल्या.

"सांगणारच होते गं मी," मिरची म्हणाली.

"कधी? नवी जोडीदार शेजारी उभी राहिल्यावर?"

झालं. बोलणं बंद. मिरचीला तो रिकामा डावा कप्पा बघवेना, म्हणून तिने मला उचलून तिथे ठेवलं. परक्या घरी पाहुणी गेल्यासारखी मी तिथे अंग चोरून पडले.

अशा अबोल्यात उपांत्य सामना आला. दुहेरीत मधोमध आलेलं शटल कोणाचं, हे ओरडून सांगावं लागतं. "माझं", "तुझं", एवढंच. पण बोलतंय कोण? शटल दोघींच्या मधे पडायचं आणि दोघी त्याच्याकडे बघत राहायच्या. मला बॅगेत बसून रडू यायचं. तरीही जुन्या सवयीवर गाडी ओढत त्यांनी तिसऱ्या गेममध्ये एकोणीस-एकोणीस केले.

आणि ऐन खेळात फट्‌ असा आवाज झाला. शिडीच्या रॅकेटच्या तारा तुटल्या. शटल हवेत असताना खेळ काही थांबत नाही. शिडी रॅकेट बदलायला बाहेर धावली आणि अख्खं कोर्ट एकट्या मिरचीवर आलं. ती एवढीशी पोर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होती आणि शटल उंच, छताला लागेल इतकं उंच उडवत होती. जिंकायला नाही हो. शिडी परत येईपर्यंत ते खाली पडू नये म्हणून.

निळी बॅग पंचांच्या पलीकडे होती. शिडी धावत आली ती सरळ लाल बॅगेकडे. न बघता तिने डाव्या कप्प्यात हात घातला आणि मला उचललं.

मुठीत धरताच तिला कळलं. मूठ बारीक, डोकं हलकं. माझी तर बोबडीच वळली. पण शटल डोक्यावर आलं होतं, समोरच्या दोघी स्मॅशच्या धाकाने मागे सरकल्या होत्या.

"माझं," शिडी ओरडली.

माझ्याने ठोकणं होणार नाही, हे तिने ओळखलं होतं. तिने हात पूर्ण उगारला आणि शेवटच्या क्षणी शटल नुसतं टेकवलं. ते जाळीला चिकटूनच पलीकडे पडलं. गुण आमचा.

पुढे काय? शिडीने आपली रॅकेट घेतली, आणि पुढचे तीनही गुण आम्ही घालवले. हरलो. तेव्हा मी बॅगेत होते, खापर माझ्यावर फोडू नका.

कपडे बदलायच्या खोलीत मिरचीने विचारलं, "तुझी बॅग पलीकडे होती ना? मग इकडे कशी आलीस?"

"पाय आले. मी काय करू?" शिडी बुटाची नाडी सोडत म्हणाली. "आणि तू हिला माझ्या कप्प्यात कशाला ठेवलंस?"

"रिकामा बघवेना."

शिडीने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाली, "त्या नव्या पोरीला सांग, मधलं शटल तू सोडत नाहीस. उगाच मधे आली तर बोटं फुटतील तिची." मिरची हसायला गेली आणि रडली.

जोडी मोडली ती मोडलीच. मिरची नव्या मुलीबरोबर पुष्कळ वर्षं खेळली, आणि कोर्टामागे प्रशिक्षकाच्या खुर्चीत शिडी बसायची. मांडीवर मी. माझ्या मुठीवर तिने ग्रिपचे दोन वेढे जास्त चढवलेत, तिच्या हाताला बसावी म्हणून. बॅग लालच, आणि अजून तिरकी.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. राखीव रॅकेटच्या तारा अधूनमधून तपासा. तापलेल्या गाडीत आम्हाला टाकून जाऊ नका. हरल्याचा राग आम्हाला जमिनीवर आपटून काढू नका. आणि कधी तुमचा जोडीदार मधेच कोर्ट सोडून गेला, तर शटल उंच उडवत राहा. तो येईपर्यंत ते खाली पडू देऊ नका.